सिमेंटच्या विटांची खोली

सगळ्या इमारतीत बिनखिडकीची खोली एकच:
बायकांचं बाथरूम.
विम्याच्या माणसाने भिंतीवर बोटाचं पेर आपटलं, म्हणाला,
ही टिकेल.
मग मालकाने माझ्याकडे पाहिलं,
कारण माझं अक्षर सुवाच्य आहे
आणि गेल्या उन्हाळ्यापासून मी कशालाच नाही म्हणत नाही.

चष्म्याच्या काचा घासतो आम्ही, सलायनाच्या कडेला,
जिथे रस्ता संपतो आणि गहू सुरू होतो.
कॅन्ससमध्ये आकाश फार.
पश्चिमेकडून काही यायचं ठरलंच
तर अडवायला एक धान्याचं कोठार आणि एक चर्च.

तर यादी केली.
टॉर्च चार. सेल बाहेर काढून टॉर्चलाच चिकटपट्टीने बांधले,
आत राहिले की गंजतात.
पाणी, तारीख बघून. शिट्ट्या.
गॅसच्या कॉकपाशी पाना, दोरीला लटकवलेला,
कारण घाईत पाना कधीच जागेवर नसतो.

मग माणसं. तेवीस.
इथे हात मंदावला.

अर्ल डीट्झ मशीनवर बसताना कानातलं यंत्र काढून ठेवतो.
भोंगा त्याच्यासाठी वाजणारच नाही.
त्याच्या खांद्याला हात कोणी लावायचा, हे आधीच ठरलेलं बरं.
वांडा म्हणाली, मी लावीन.
इतक्या पटकन, की मग दोघीही कागदाकडेच बघत बसलो.
थुईचं इन्सुलिन फ्रिजमध्ये, दह्याच्या डब्यामागे,
हे तिच्या टेबलावरच्या कोणालाही माहीत नव्हतं.
मारिबेलने विचारलं, असं वाकून, डोक्यावर हात धरून
किती वेळ बसायचं?
दहा मिनिटं. कधी वीस.
ती बोलली नाही. एप्रनची गाठ तेवढी सैल केली.
मी तिच्या नावापुढे लिहिलं: खुर्ची.
कारणाचा रकाना मोकळा सोडला.

शेवटचा रकाना, कोणाला कळवायचं.
माझ्या ओळीत अजून दिगंबरचा नंबर.
तो आता एक अनोळखी बाई उचलते, तिचा तरी काय दोष.
खोडला. भावाचा लिहिला. मिरज, साडेदहा तास पुढे.
त्याला कळेल तेव्हा तिथे मध्यरात्र उलटलेली,
तो उठेल, दिवा लावेल
आणि आधी चष्मा शोधेल.

गुरुवारी तीन वाजता रंगीत तालीम.
भोंगा. वांडाचा हात. यंत्रं थांबली,
चाकांवरून पाणी मात्र टपकत राहिलं.
अर्ल दारातच थबकला.
बासष्ट वर्षांत त्या पाटीच्या आत पाऊल टाकलं नव्हतं त्याने.
टोपी काढून हातात धरली, नव्या पाहुण्यासारखी.
ये रे बाबा आत, वादळाला पाटी वाचता येत नाही,
मी मराठीतच ओरडले.
आला.

भिंतीला पाठी टेकून सगळे.
कोणीतरी फिसकन हसलं, मग कोणीच नाही.
गुलाबी साबणाचा वास
आणि रोज यंत्रांखाली बुडणारे
इतक्या जणांचे श्वास.

मोजले. बावीस.
पुन्हा मोजले. बावीस.
घसा कोरडा. गोदाम बघितलं का? मागची पायरी?
कोण राहिलं, कोण राहिलं,
तर मारिबेल खुर्चीवरून, न बोलता,
माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बोट करत होती.

नदी ओलांडून एकमेकांना मोजणारे ते दहा खुळे,
आई सांगायची, मी पोट धरून हसायचे.
आता नाही हसले.
तेवीस, म्हटलं. मोठ्याने.

चार मिनिटं दहा सेकंद. विमावाल्याला तीनच्या आत हवंय.
पुढच्या महिन्यात परत.
सगळे गेल्यावर टॉर्च लावून पाहिले, एक लागला नाही.
वहीत लिहिलं: टॉर्च. आणि आरसा उतरवणे, काचच ती.
खुर्ची उचलली होती परत न्यायला.
पुसली,
आणि आतच ठेवली.